पिशवीचं बूड झोळ का खातं? विषयाकडून संशोधन-प्रश्नाकडे

"सर्वांत चांगलं मटेरियल कोणतं?" हा प्रश्न संशोधनात जवळजवळ नेहमी अर्धाच असतो. कशासाठी चांगलं, किती वजनाखाली, किती वेळा धुतल्यावर, किती रुपयांत, हे त्याला जोडल्याशिवाय उत्तर मोजता येत नाही. पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात की विषय आणि संशोधन-प्रश्न यांत नेमका फरक काय. व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन बघू. उदाहरण आहे हाताने शिवलेल्या कापडी पिशवीच्या तळाचं.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि कापडी पिशवीला पुन्हा दिवस आले. आमचा बुलढाणा जिल्हा कापसाचा. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. त्यामुळे पिशवी शिवणं हे इथे बायांच्या हाताला मिळणारं साधं काम. घाटाखालच्या एका गावात पिशव्या शिवणाऱ्या मावशींनी प्रश्न असा टाकला: "ताई, कापड कितीबी जाड घ्या, डबा ठेवला का बूड झोळ खाते. खाली टाकू तरी काय?"

प्रश्न वाटतो तेवढा हलका नाही. डबा कलंडला की वरण पिशवीत, आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. एका पिशवीमागे सुटतात मोजके रुपये. तळाला चुकीची वस्तू टाकली तर तेवढे तिथेच संपतात. म्हणून "काहीतरी कडक टाका" हे उत्तर देऊन मोकळं होता येत नाही.

आधी एक छाटणी. प्रत्येक पिशवीला कडक तळ लागतच नाही. भाजीच्या पिशवीचा गुणच हा की ती घडी करून खिशात मावते. तिच्या तळाला पुठ्ठा घातला की लोक ती घरी विसरणार. तिथे तळाला कापडाचा दुहेरी थर आणि पक्की शिवण पुरे. कडक तळ हवा डब्याच्या पिशवीला, आहेराच्या पिशवीला आणि दुकानात उभी ठेवून दाखवायच्या पिशवीला. आपण डब्याची पिशवी घेऊ: तळ ३० बाय १२ सेंटीमीटर, वजन ५ किलो. बघा, एवढं ठरवल्याबरोबर प्रश्न निम्मा सुटसुटीत झाला.

आता थोडं गणित. वाकण्याला होणारा विरोध दोन गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे पदार्थाचा यंग मापांक, दुसरी म्हणजे आकार. सपाट पट्टीच्या बाबतीत जाडीचा घन येतो. म्हणजे जाडी दुप्पट केली तर विरोध आठपट. २ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटर घेतलं तरी जवळजवळ ३.४ पट. पण पुठ्ठा आणि पॉलिप्रोपिलीनची शीट (फायलींची जाड कव्हरं असतात ती) यांच्या मापांकात आठपट फरक नसतो. ढोबळमानाने दोघंही एक ते चार गिगापास्कलच्या घरात येतात. तेव्हा "पुठ्ठा की प्लास्टिक" हा वाद घालण्याआधी "किती मिलिमीटर" हे विचारा. दोन वेगळ्या जाडीच्या वस्तूंची तुलना करून पदार्थाबद्दल निष्कर्ष काढलेला प्रबंध परीक्षक तिथेच अडवतो, आणि अडवावाच.

याच घनाचा एक उपयोग शिवणकामात होतो. दोन पुठ्ठे नुसते एकावर एक ठेवले तर विरोध दुप्पट होतो, कारण वाकताना ते एकमेकांवरून सरकतात. तेच दोन पूर्ण पृष्ठभागाला गोंद लावून चिकटवले की ते एकच जाड पुठ्ठा होतात आणि विरोध आठपट होतो. बक्रमचे चार थर कडेने शिवून टाकले तरी तळ का बसतो, त्याचं कारण हेच. शिवण फक्त कडेला धरते, मधे थर सरकायला मोकळे राहतात. जुन्या वह्यांचे दोन पातळ पुठ्ठे आणि खळ घेऊन हा प्रयोग दहा मिनिटांत होतो. चिकटवलेले मात्र रात्रभर वजनाखाली वाळू द्या.

आता पॉलिप्रोपिलीनची २ मिलिमीटरची शीट घेऊ, मापांक १.५ गिगापास्कल धरू, आणि ५ किलो म्हणजे साधारण ५० न्यूटन वजन तळावर सारखं पसरलंय असं मानू. शीटला फक्त दोन टोकांना, म्हणजे ३० सेंटीमीटर अंतरावर आधार असेल तर नेहमीच्या सूत्राने झोळ येतो जवळजवळ १५ सेंटीमीटर! हा आकडा खरा मानू नका. ते सूत्र थोड्या वाकण्यापुरतंच आहे, आणि इतका मोठा आकडा आला याचा अर्थ एवढाच की शीट दुमडणार. आता तीच शीट, तेच वजन, पण आधार दोन लांब कडांना द्या, म्हणजे अंतर १२ सेंटीमीटर. झोळ येतो पावणेचार मिलिमीटर. मटेरियल तेच, रुपये तेवढेच.

मला या सगळ्यात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पिशवी उचलल्यावर तळाला धरतात त्या बाजूच्या कापडी भिंती. शीट या भिंतींपर्यंत पोचली तर लांब कडांना आधार मिळतो. ती दोन्हीकडून बोटभर आखूड कापली, किंवा सैल खोळीत ती इकडेतिकडे सरकत राहिली, तर तो आधार गेला. मग भार तळाच्या कापडावर येतो आणि शीट त्या झोळात बसते. कापताना प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटरची सूट पुरते. कोपरे मात्र गोल करा, नाहीतर टोकं आतून कापड खातात. म्हणजे मावशींच्या "काय टाकू" या प्रश्नाचं निम्मं उत्तर "कसं बसवू" यात आहे. विषय तोच राहिला, प्रश्न बदलला.

आता मोजायचं कसं? कापडाचा ताठपणा मोजण्याची नावाजलेली पद्धत एफ. टी. पिअर्स यांनी १९३० मध्ये मांडली. हे गृहस्थ मँचेस्टरच्या कापूस-संशोधन संस्थेतले. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. तिचं टोक वाकून ४१.५ अंशांच्या उताराला टेकलं की थांबायचं. बाहेर आलेल्या लांबीचं निम्मं म्हणजे वाक-लांबी. तिचा घन गुणिले कापडाचं दर चौरस मीटर वजन, हा झाला ताठपणा. भारतीय मानकांत हीच पद्धत आयएस ६४९० मध्ये आहे. पुठ्ठ्याचं टेबल आणि कोनमापक असलं की घरीही जमते. कापड, बक्रम, कॅनव्हास यांच्यासाठी ही पद्धत उत्तम.

पण प्रमाणित पद्धत आहे म्हणून ती सगळीकडे लावायची नाही. आपल्या २ मिलिमीटरच्या शीटवर ती लावली तर हिशोबाने पट्टी जवळजवळ पाऊण मीटर बाहेर काढावी लागेल, तेव्हा कुठे ती स्वतःच्या वजनाने ४१.५ अंशांपर्यंत वाकेल. एवढी मोठी पट्टी आपल्या तळातून निघतच नाही. अशा वेळी तीन बिंदूंची चाचणी घ्या. दोन आधार १० सेंटीमीटर अंतरावर, त्यांवर ३ सेंटीमीटर रुंदीची पट्टी, आणि मधोमध दोऱ्याने टांगलेलं ५०० ग्रॅमचं वजन. वर धरलेल्या शीटसाठी झोळ ३.४ मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. शाळेतल्या व्हर्नियरने तो मोजता येतो. आकडा फारच वेगळा आला तर आधी जाडी पुन्हा मोजा. तिचा घन होतो, म्हणून जाडीतली १० टक्क्यांची चूक ताठपणात ३० टक्क्यांच्या वर जाते.

कोरड्या पट्टीवर एकदा मोजलं म्हणजे काम झालं, असं नाही. पुठ्ठा म्हणजे कागदाचे तंतू. पाणी शिरलं की त्या तंतूंमधले बंध सुटतात आणि ताठपणा पार जातो. साध्या बक्रमचा कडकपणा बहुतेक खळीचा असतो, तो धुण्यागणिक उतरतो. म्हणून मोजणी तीनदा: कोरडं, ओलं, आणि धुऊन वाळवल्यावर. हवेचंही तसंच. आपल्याकडे कापडाच्या चाचणीसाठी २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता हे प्रमाण धरतात. तेवढी सोय नसेल तर निदान सगळे नमुने एकाच खोलीत एक दिवस ठेवा आणि त्या दिवशीचं तापमान लिहून ठेवा. घाटावर बुलढाण्यात मे महिन्यात मोजलेलं आणि घाटाखाली शेगावात मोजलेलं एकाच तक्त्यात घालू नका.

प्लास्टिकचा त्रास वेगळा. ते पाण्याला भीत नाही, पण वजन बराच वेळ राहिलं तर हळूहळू वाकत जातं आणि पूर्ण परत येत नाही. याला क्रीप म्हणतात. उष्णतेत तो वाढतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा माहीतच आहे. वजन २४ तास टांगून ठेवायचं, काढल्यावर किती वाक उरला ते मोजायचं. शिवाय पॉलिप्रोपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. सुती कापडाची गरम इस्त्री त्याहून वर जाऊ शकते, म्हणून तळ आत ठेवून इस्त्री नको.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. फोम मऊपणा देतो, ताठपणा नाही. पिशवी भरल्यासारखी दिसते, एवढंच. प्लायवूड ताठ असतं, पण पातळ घेतलं तरी कडा घासाव्या लागतात. जुना फ्लेक्स बॅनर पाणी अडवतो, ताठपणा मात्र जवळजवळ शून्य. प्रचाराच्या बोर्डांची सनपॅक शीट मला आवडते. हलकी, भिजत नाही, आणि निवडणूक झाली की पडूनच असते. आत नळ्या असल्याने कमी वजनात जाडी मिळते, आणि जाडीचं महत्त्व आपण पाहिलंच. फक्त नळ्यांच्या दिशेच्या रेषेवर ती सहज दुमडते. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचंही तेच.

आपल्या जिल्ह्यातला म्हणून एक मोहाचा पर्याय सांगते: पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या या काड्यांपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र मुंबईच्या सिरकॉट या केंद्रीय कापूस संस्थेने विकसित केलंय. इथलाच कापूस, इथलीच काडी, इथलीच पिशवी. प्रस्तावात वाचायला किती छान! पण ६ मिलिमीटरचा तुकडा धरला तर आपल्या मापाच्या तळाचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास जातं. पॉलिप्रोपिलीनची २ मिलिमीटरची शीट ६५ ग्रॅम, बाइंडिंगचा तेवढाच पुठ्ठा ४५ ग्रॅम. शिवाय ओलाव्याचा प्रश्न आहेच. फर्निचरसाठी तो बोर्ड योग्य, पिशवीसाठी मी घेणार नाही. गोष्ट चांगली आहे म्हणून पदार्थ निवडायचा नसतो.

आणि प्लास्टिकबद्दल एक खटकणारी गोष्ट. आपण प्लास्टिकला पर्याय म्हणून कापडी पिशवी शिवतो आणि तिच्या पोटात प्लास्टिकची शीट घालतो. माझं मत, वर्षानुवर्षं टिकणारी, काढून दुसऱ्या पिशवीत घालता येणारी शीट चालेल, पण मग पिशवीवर "प्लास्टिकमुक्त" असं छापू नये. कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवीसुद्धा बहुधा पॉलिप्रोपिलीनचीच असते, हेही गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

तर मावशींना काय सांगायचं? तळाला आतून एका बाजूने उघडी खोळ शिवा आणि शीट काढता-घालता येईल अशी ठेवा. एवढ्याने धुण्याचा प्रश्न जातो, आणि पुठ्ठाही पुन्हा स्पर्धेत येतो. डब्याच्या पिशवीला सनपॅक किंवा २ मिलिमीटरची शीट, भिंतीला भिडेल अशी. आहेराच्या पिशवीला बाइंडिंगचा पुठ्ठा, कारण ती कोण धुतो? नुसतं बक्रम तळाला नकोच.

एक प्रश्न मात्र कागदावर सुटत नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला छोटा प्रकल्प हवा असेल तर तो घ्या. सनपॅकच्या नळ्या तळाच्या लांबीला समांतर ठेवाव्यात की रुंदीला? वरच्या हिशोबाप्रमाणे आधार लांब कडांना आहे, म्हणजे वाक रुंदीत येतो, म्हणून नळ्या १२ सेंटीमीटरच्या दिशेने हव्यात. पण पिशवीचे बंद भिंतींच्या मधल्या भागात शिवलेले असतात. उचलल्यावर मधला भाग ताणला जातो आणि दोन्ही टोकं खाली लोंबू शकतात. तसं झालं तर नळ्या ३० सेंटीमीटरच्या दिशेने हव्यात. बंद किती अंतरावर शिवलेत यावर उत्तर बदलेल असा माझा कयास आहे. दोन दिशा, बंदांची तीन अंतरं, प्रत्येकी पाच तळ, म्हणजे तीस मोजण्या. तळ कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर नळ्यांची दिशा बाणाने लिहून ठेवा. वर कापड चढवल्यावर ती दिसत नाही.