खुनी कोण ते सांगू नका, ताई

आमच्या वाचनालयातली कुठलीही जुनी रहस्यकथा कपाटातून काढा आणि पान २५ किंवा ३१ उघडून बघा. कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका असतो, नाहीतर फुली, नाहीतर एखाद्या अक्षराभोवती गोल. नव्या माणसाला वाटतं, कुणा पोरानं पुस्तक खराब केलं. पण ती जुन्या वाचकांची ओळखीची खूण असते. रहस्यकथांची मुखपृष्ठं एकसारखी, नावांतही खून, सावली, रात्र हेच शब्द फिरून फिरून येणार. चार वर्षांपूर्वी हे आपण नेलं होतं की नव्हतं, कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून प्रत्येकानं आपलं एक पान ठरवून घेतलेलं असतं आणि आपली एक खूण. पुस्तक हातात पडलं की आधी ते पान बघायचं. खूण दिसली की, ‘हे झालं आपलं, दुसरं द्या.’

पुस्तकावर काही लिहू नये, ही सूचना भिंतीवर आहे आणि ती योग्यच आहे. तरी या खुणा मी कधी खोडल्या नाहीत. देवघेवीच्या रजिस्टरमधून कोणी काय नेलं तेवढंच कळतं. खुणांवरून कोणाची आवड कोणाशी जुळते ते कळतं. जिथे फुली आहे तिथे बहुधा ठिपकाही आहे. फुलीवाल्या काकू पुस्तक परत देताना नुसतं ‘बरं होतं’ म्हणाल्या तर मी ते गुपचूप कपाटात ठेवते. ‘रात्री दोन वाजले जी वाचता वाचता’ म्हणाल्या, तर ते टेबलाच्या खणात जातं आणि ठिपकेवाले काकाजी आले की त्यांच्या हातात. त्या दोघांची एकमेकांशी ओळख नाही. अचलपूरसारख्या गावात हे खरं वाटणार नाही, पण नाही.

‘ताई, काहीतरी चांगलं द्या’ ही मागणी दिवसातून कितीदा येते ते सांगता यायचं नाही. त्यावर ‘तुम्हाला काय आवडतं?’ असं विचारून काही हाती लागत नाही. माणसं संकोचतात आणि मोठ्या लेखकाचं नाव सांगून मोकळी होतात. मी विचारते, मागचं पुस्तक कुठे सोडलं होतं? मग खरं बाहेर येतं. बाबूराव अर्नाळकरांचा वाचक लेखकाच्या नावानं पुस्तक मागतच नाही. ‘झुंजार हाये का? काळा पहाड?’ अशीच चौकशी असते. अर्नाळकरांनी हजारावर कथा लिहिल्या, पण वाचकाच्या मनात माणूस राहिला तो झुंजार. सुहास शिरवळकरांचा वाचक बॅरिस्टर अमर विश्वासला किंवा फिरोज इराणीला शोधत येतो, जणू त्यांचं घर आमच्याच गल्लीत आहे. गुरुनाथ नाईकांचा वाचक घाईत असतो, उभ्या उभ्या चार पानं चाळून घेतो.

नारायण धारपांचा वाचक मात्र वेगळा. त्याला कोणी केलं याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला भीती हवी असते. रहस्यकथा आणि भयकथा एकाच कपाटात ठेवायची पद्धत बऱ्याच वाचनालयांत आहे आणि ती मला पटत नाही. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स संपवून आलेल्या एका निवृत्त तलाठ्यांना बदली बसलेल्या मुलानं धारप दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात हजर. ‘शेवटी भूतच निघालं, तर मंग एवढा तपास कायले केला?’ त्यांची तक्रार अगदी रास्त होती. तपासकथेचा वाचक लेखकाशी करार करून बसतो की सगळे पुरावे माझ्यासमोर ठेव, मग बघू कोण आधी ओळखतो. तो करार मोडला की त्याला फसवल्यासारखं वाटतं. त्यांना मी फेलुदा दिला. सत्यजित राय यांनी १९६५ पासून लिहिलेल्या या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. मुलांसाठीच्या म्हणून पालक त्या पोरांसाठी नेतात, आणि परत द्यायला उशीर झाला तर विचारावं लागतं, पोरगा वाचतोय की आजोबा?

माझ्याआधी इथे बसायचे ते ग्रंथपाल याहून साधा प्रश्न विचारायचे. ‘नुसतं जाणं, की जाणं-येणं?’ विचारणं शकुंतलेबद्दल असायचं. अचलपूर ते मूर्तिजापूर ही नॅरोगेजची गाडी ७६ किलोमीटरला चारेक तास घ्यायची. १९९४ पर्यंत तर ती वाफेच्या इंजिनावर चालली. त्या चार तासांत संपेल, शेवट मूर्तिजापूर यायच्या आत कळेल, असं पुस्तक लोकांना लागायचं. पातळ अर्नाळकर त्या प्रवासात सहज बसायचा. जाणं-येणं असेल तर दोन. जाड कादंबरी देऊन माणसाला ऐन रहस्यात गाडीतून उतरायला लावणं त्यांना पाप वाटायचं. शकुंतला बंद पडली. तिच्याबरोबर पुस्तक तासांत मोजायची ही सवयही गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एसटीत हल्ली कोणी पुस्तक उघडत नाही.

रहस्यकथेचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे शेवटचं पान. सगळ्यात जास्त हाताळलं जाणारं आणि सगळ्यात आधी सुटणारं पान तेच. एका जुन्या पॉकेटबुकाचं असंच गेलं आणि पुस्तक बाजारात मिळेना. एक जुने वाचक म्हणाले, मी लिहून देतो, मला पाठ आहे. फुलस्केपवर त्यांनी सुबक अक्षरात शेवट लिहिला, खुनी निघाला मुनीम. तो कागद डिंकानं चिकटवला. महिन्याभरात दुसरे वाचक तावातावानं आले. ‘मुनीम नाई जी, पुतण्या होता. मी वाचलं हाये.’ त्यांनीही आपला कागद लिहून दिला. मी दोन्ही कागद ठेवले. मग ते पुस्तक मुद्दाम मागून नेणारे निघाले, आणि मधल्या पानांवरचे पुरावे तपासून काही जण मुनिमाच्या बाजूनं तर काही पुतण्याच्या बाजूनं बोलू लागले. इतकं बारीक वाचन मी गंभीर म्हणवणाऱ्या पुस्तकांचंही फारसं पाहिलेलं नाही.

खरेदीच्या बैठकीत मात्र यादीतून पहिली काट रहस्यकथांवर बसते. ‘वाचनालयाची काही पातळी असते’ हे वाक्य ठरलेलं. मी वाद घालत नाही, पुस्तक उलटं करून मागची तारखांची चिठ्ठी दाखवते. शिरवळकरांच्या एका प्रतीवर तीन चिठ्ठ्या एकावर एक चिकटवलेल्या आहेत. शेजारी एका मान्यवर ग्रंथाची चिठ्ठी ठेवायची, कोरी. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलं आहे की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. वाचकाला कोणतं शोभतं, ही अट त्यांनी घातलेली नाही.

मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. तिथली पोरं कादंबरीला हात लावत नाहीत. पहाटे मैदानावर आणि दिवसभर इथे, सगळं पोलीस भरतीसाठी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. मग १०० गुणांची लेखी. त्यांच्या डोक्यात सेकंद असतात. मला ती एकच गोष्ट विचारतात, ‘ताई, रविवारी पाहाले एखादा पिच्चर सांगा नं, दम येईल असा.’

इथे माझी रीत उलटी होते. रहस्यकथेचा शेवट मी मेले तरी सांगणार नाही, पण खेळावरच्या सिनेमाचा शेवट आधी सांगते. कारण तो बहुतेकांना ठाऊकच असतो, आणि कोणता शेवट कोणाला सोसेल हेच तर ओळखायचं असतं. एक-दोन गुणांनी राहिलेल्या पोराला मी ‘भाग मिल्खा भाग’ सांगते. तो १९६० च्या रोमपासून सुरू होतो, जिथे मिल्खा सिंग चौथे आले. पदक थोडक्यात हुकलेल्या माणसावर एवढा मोठा सिनेमा निघाला, हे त्या पोराला त्या आठवड्यात कळायला हवं असतं. ‘पानसिंग तोमर’ मात्र भरतीच्या आधी नाही. स्टीपलचेसचा राष्ट्रीय विजेता, फौजी, आणि पुढे चंबळचा बागी. सिनेमा फार मोलाचा आहे, पण निकालानंतर बघायचा. बोलताना अडखळणाऱ्या एका मुलाला, ऐकू-बोलू न शकणाऱ्या गोलंदाजाचा ‘इक्बाल’ सांगितला होता. तो काही बोलला नाही, पुढच्या रविवारी धाकट्या भावासाठी दुसरा विचारायला आला.

‘झुंड’ सगळ्यांना एकदम आवडतो. नागपूरचे विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवरचा तो सिनेमा, आणि त्यातली पोरं आमच्या पोरांसारखंच बोलतात. तो बघून एकानं विचारलं, ‘मंग आपल्या अमरावतीवर काऊन नाई?’ प्रश्न बरोबर होता. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं. मंडळाचं मैदान इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. या पोरांपैकी अर्धी तिथे धावून आली आहेत. हा सिनेमा कोणीतरी काढायलाच हवा.

सिनेमा पोरांना पुस्तकापर्यंत आणतो, हे मी २०१३ मध्ये पाहिलं. ‘दुनियादारी’ लागला आणि शिरवळकरांच्या त्या कादंबरीची आमच्याकडची एकुलती एक प्रत मागायला रांग लागली. नंबर येईपर्यंत वाट बघणाऱ्यांच्या हातात मी अमर विश्वास ठेवला. ‘लेखक तोच हाये?’ ‘तोच.’ त्यातले काही जण नंबर आल्यावर ‘दुनियादारी’ न्यायचंच विसरले.

आणि एक मुलगी. ८०० मीटरची तयारी करणारी. तिला ‘चक दे इंडिया’ सांगितला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘चांगला हाये ताई, पन तो सरांचा पिच्चर हाये. पोरीचं घर, तिचं जेवन, तिची प्रॅक्टिस, हे कोन्या पुस्तकात हाये?’ कपाटं धुंडाळली, तिला द्यावंसं मराठीत हाती फार थोडं लागलं. मग जुन्या वर्तमानपत्रांतून कात्रणं काढून आम्ही वही केली. १९८४ मध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागानं पदक हुकलेली पी. टी. उषा. सावरपाड्याची कविता राऊत. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, २०१६ च्या रिओमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेली. वहीला दाखल क्रमांक दिला, मागे तारखांची चिठ्ठी लावली. बीडच्या अविनाश साबळेचं कात्रण मी घातलं, तर त्या मुलीनं ते काढून दिलं. ‘पोरांची वही वेगळी करा,’ म्हणाली. आता दोन वह्या आहेत. पोरांची वही जास्त करून मुलीच नेतात.