निकाहच्या मजलिसीत फ्लॅशविना फोटो : परवडणारी ‘फास्ट’ झूम लेन्स कशी निवडावी?

आपल्या समाजातले बरेच तरुण आता शादीब्याहच्या फोटोग्राफीत उतरत आहेत. भांडवल कमी लागते, हुनर स्वतःच्या हातात राहतो आणि रोजी हलालची आहे. पण या धंद्यात पहिले पाऊल जिथे चुकते ती जागा कॅमेऱ्याची नसून लेन्सची आहे, हे आम्हाला आमच्याच घरातल्या प्रसंगाने शिकवले. आमचा धंदा कापडाचा, दुकान भिवंडीत. कॅमेऱ्याशी आमचा संबंध एवढाच की माल पारखायची सवय आहे.

आमच्या मोठ्या आपाचा मुलगा दोन वर्षे एका फोटोग्राफरच्या हाताखाली राबला आणि मग त्याने कॅननचा 200 डी हा जुना कॅमेरा घेतला. सोबत कंपनीने दिलेली 18-55 ची साधी झूम लेन्स होती. पहिलेच स्वतंत्र काम मिळाले ते इशाच्या नमाजनंतर मशिदीत होणाऱ्या निकाहचे. दोन-तीनदा फ्लॅश चमकल्यावर काझीसाहेबांनी हात वर करून मना केले, आणि त्यांचे बरोबरच होते. फ्लॅश बंद झाला आणि पोराचे सगळे गणित बिघडले. दुल्ह्याचे ‘कबूल है’, निकाहनाम्यावरची सही, वडिलांची गळाभेट, जे क्षण पुन्हा येत नाहीत तेच नेमके हललेले आले. पक्षाने निम्मे पैसे कापले. शब्द असा होता की फोटो वाईट निघाल्यास पैसे कापावेत, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती.

आठवड्याने तो दुकानात आला. “मामू, मोठी लेन्स घेतो. कंपनीची 24-70, एफ 2.8 वाली. हप्त्यावर मिळते. ‘नो कॉस्ट’ आहे, व्याज नाही म्हणतात.” किंमत एक लाखाच्या वर. आम्ही म्हणालो, “बेटा, बस. आधी आम्हाला समजू दे की ही वस्तू काय करते.”

जे समजले ते असे. ‘फास्ट’ म्हणजे पळणारी लेन्स नव्हे. लेन्सच्या आत उजेड येण्याची एक खिडकी असते, ती लहान-मोठी होते. खिडकी मोठी, तर उजेड जास्त आणि कॅमेऱ्याला फोटो झटकन टिपता येतो. म्हणून ती ‘फास्ट’. खिडकीचा आकार एफच्या नंबराने सांगतात आणि नंबर जेवढा मोठा तेवढी खिडकी लहान. नवशिक्यांचा इथे गोंधळ होतो. आपल्या पॉवरलूमवाल्यांना मात्र हे समजायला एक मिनिट लागू नये. सुताचे असेच आहे : 20 नंबरचे सूत जाड, 60 नंबरचे बारीक. एफ 2.8 ला 20 नंबर समजा.

आता साध्या लेन्समध्ये मेख कुठे आहे ते पाहा. त्या 18-55 वर ‘4-5.6’ असे छापलेले असते. म्हणजे झूम केला नाही तर 4, आणि पूर्ण झूम करून दुल्ह्याचा चेहरा जवळ आणला की खिडकी आपोआप 5.6 वर येते. एफ 2.8 च्या मानाने 5.6 वर उजेड फक्त चौथाई येतो. ज्या झूम लेन्सवर एकच नंबर छापलेला असतो, नुसते ‘2.8’, तिची खिडकी झूम केल्यावरही तेवढीच राहते. जादा पैसे याचेच द्यायचे असतात. 50 मिलिमीटरवर 2.8 साठी सुमारे 18 मिलिमीटर रुंद उघडी जागा लागते, 5.6 ला 9 पुरते. काच मोठी, वजन जास्त, म्हणून भाव जास्त.

आम्ही दुकानातच ताळा करून पाहिला. संध्याकाळी शटर अर्धे ओढून, दुकानाच्याच ट्यूबच्या उजेडात, नोकराला थान उलगडायला सांगितले. साध्या लेन्सने पूर्ण झूमवर कॅमेरा सेकंदाचा पंचविसावा भाग वेळ घेत होता. नोकराचे हात धुक्यासारखे आले. मग भाच्याने त्याच्या दोस्ताकडून उसनी आणलेली 2.8 वाली लेन्स लावली. तोच उजेड, तीच जागा, वेळ आला शंभरावा भाग. बोटांची नखे दिसली. शंभरावा भाग आणखी एका कारणाने कामाचा आहे : आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर याहून फार जलद केले तर स्वस्त एलईडीच्या हॉलमध्ये फोटोवर काळसर पट्टे येऊ शकतात.

म्हणजे 2.8 ची गरज खरी होती. पण एक लाखाची नव्हती, आणि ती लेन्स त्याच्या कॅमेऱ्याला मापातही बसत नव्हती. 200 डी सारख्या कॅमेऱ्यातला सेन्सर लहान असतो, त्यामुळे कॅननमध्ये लेन्सच्या आकड्याला 1.6 ने गुणावे लागते (निकॉन आणि सोनीत 1.5 ने). 24 चे झाले 38. एवढ्याशा खोलीत बायकांचा घोळका बसलेला असतो, मागे सरकायला भिंत आडवी येते. तिथे 38 ने निम्मे लोक फोटोबाहेर जातील. लहान सेन्सरला 17-50 हे माप हवे, ते 27 ते 80 होते. लाख रुपये मोजून अंगाला न बसणारा शेरवानी घेण्यातला हा प्रकार होता.

हप्त्याबद्दलही थोडे बोलायला हवे. बिनव्याजी म्हणून जे विकले जाते त्यात व्याज बहुधा प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न मिळालेल्या सवलतीत लपलेले असते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेनेच 2013 साली बँकांना बजावले होते. सूदपासून बचाव करू पाहणाऱ्याने कागद पूर्ण वाचल्याखेरीज सही करू नये. आम्ही भाच्याला कर्जे हसना देण्याचे कबूल केले, पण अट घातली की लेन्स जुनी घ्यायची आणि पारखून घ्यायची.

जुनीच का? पुष्कळ फोटोग्राफर आता मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेले आणि त्यांच्या जुन्या लेन्स बाजारात आल्या. त्यामुळे चांगला माल उतरत्या भावात मिळतो. 17-50 च्या मापात तीन नावे समोर आली. कॅननची स्वतःची 17-55, 2006 ची, उत्तम पण जुनीसुद्धा महाग. टॅमरॉनची 17-50, तीही 2006 ची, हलकी, स्वस्त, फोटो स्वच्छ, पण फोकस करताना तिची मोटर घरघरते. आणि सिग्माची 17-50, 2010 ची, जिच्यात हाताचा कंप सावरणारी सोय आहे आणि मोटर शांत आहे. हा कंप सावरणारा प्रकार फक्त आपला हात सावरतो, समोरचा माणूस हलला तर त्याला काही करत नाही. पण भाचा व्हिडिओही घेतो आणि मशिदीत घरघर नको, म्हणून आमचे मत सिग्माकडे झुकले.

निकॉनवाल्यांनी एक खबरदारी घ्यावी. डी 3000 आणि डी 5000 मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. टॅमरॉनच्या 17-50 च्या सुरुवातीच्या निकॉन मालात ती नव्हती. लेन्स दिसायला तीच, पण तुमच्या कॅमेऱ्यावर फोकस हातानेच फिरवावा लागेल.

मग आम्ही दोघे मुंबईला बोरा बाजारात गेलो. सोबत तीन वस्तू नेल्या : छोटी टॉर्च, वर्तमानपत्र आणि दुकानातले दीड मीटर चौकडीचे कापड. भाचा कापड पाहून हसला.

पहिल्या दुकानात टॉर्च लेन्सच्या मागून मारली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा दिसल्या. दुकानदार म्हणाला, “धूळ आहे, फोटोत येत नाही.” ती बुरशी होती. धूळ थोडी असली तर खरेच चालते, बुरशी मात्र काच खाते. ऐब झाकून माल विकणे आपल्याकडे जायज नाही हे सांगायचे मनात आले, पण आम्ही सलाम करून निघालो.

दुसऱ्या ठिकाणी दुकानदाराने स्वतःहून सांगितले की लेन्सच्या नळीवर ओरखडा आहे. तिथे आमचे कापड कामाला आले. चौकडी ताठ करून भिंतीवर लावली, समोरून सरळ, 2.8 वर फोटो घेतला आणि चारही कोपरे मोठे करून पाहिले. पहिल्या नगात डावी बाजू पिठासारखी होती, म्हणजे आतली काच तिरपी, बहुधा पडलेला माल. दुसऱ्या नगात चारही कोपरे सारखे आले. (चौकडी मोठी घ्यावी. बारीक विणीवर कॅमेरा स्वतःच खोट्या लाटा काढतो आणि दोष लेन्सवर येतो.) मग वर्तमानपत्र तिरपे ठेवून मधल्या एका ओळीवर फोकस धरला. नेमकी तीच ओळ स्पष्ट यायला हवी, पुढची किंवा मागची नव्हे. दुसऱ्या कंपनीच्या लेन्समध्ये हा दोष असू शकतो आणि साध्या डीएसएलआरमध्ये तो दुरुस्त करायची सोय नसते. ही परीक्षाही पास झाली. 16,000 सांगितले, 14,500 ला सौदा झाला, पक्के बिल घेतले.

ज्यांच्याकडे मिररलेस आहे त्यांनी जुन्याच्या मागे लागू नये. सोनीसाठी 2021 मध्ये आलेली सिग्मा 18-50 एफ 2.8 केवळ 290 ग्रॅमची आहे, ती पुढे फुजीसाठी 2022 मध्ये आणि कॅननसाठी 2024 मध्ये आली. हात लांब न्यायचा असेल तर टॅमरॉन 17-70 आहे, पण ती 525 ग्रॅमची.

आणि आमच्या कापडवाल्या भावांसाठी : ही लेन्स तुमच्या कामाची नाही! साडी किंवा ड्रेस मटेरियल हलत नाही. कॅमेरा स्टँडवर ठेवा, खिडकीचा उजेड घ्या, साध्या लेन्सवर एफ 8 ठेवा, काम होते. 2.8 वर तर भरतकामाचा अलीकडचा काठ स्पष्ट आणि पलीकडचा धूसर येतो. बारातीच्या ग्रुप फोटोतही मागची रांग अशीच जाते, तिथे 5.6 वरच यावे.

भाच्याने त्यानंतर चार निकाह केले, तिन्हीसांजेनंतरचे, फ्लॅशविना. कर्जाचे 6,000 बाकी आहेत. पावसाळ्यात भिवंडीच्या हवेत बुरशी धरू नये म्हणून लेन्स घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायची, चामड्याच्या पिशवीत नाही. तो डबा सध्या आमच्या दुकानात, गल्ल्याच्या शेजारच्या फळीवर आहे.