खाडा का पडतो? कामगारांची गैरहजेरी आणि तिचं व्यवस्थापन

आज आपण कामगारांच्या गैरहजेरीचा विचार करणार आहोत. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर खाडा. कामावर येणं अपेक्षित असताना कामगार आला नाही, की खाडा पडला. साप्ताहिक सुट्टी, संप किंवा टाळेबंदीचे दिवस यात धरत नाहीत.

आधी मोजायचं कसं ते बघू. ५० कामगार आणि महिन्यात कामाचे २६ दिवस, म्हणजे १३०० मनुष्यदिवस. त्यातले ९१ बुडाले, तर गैरहजेरी ७ टक्के. आता हा आकडा ‘किती’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. आणि ‘का’ कळल्याशिवाय शिक्षा केली, तर ती भलत्यालाच होऊ शकते.

मुंबईच्या कापड गिरण्यांचंच उदाहरण घेऊ. तिथले बरेच कामगार रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेले. अनेकांचं घर आणि शेत गावीच. भातलावणी, गणपती, शिमगा, लग्नसराई आली की पावलं गावाकडे वळायची. मालकांना ही बेशिस्त वाटे. पण आजारपणात, बेकारीत, म्हातारपणी त्या कामगाराला आधार होता तो गावाचाच. त्या काळी भरपगारी रजेचा हक्क नव्हता. रिकामी जागा भरायला बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे असत, आणि कोणाला आत घ्यायचं ते जॉबर ठरवी. गावाहून परतलेल्याला आपलं काम परत मिळवायला जॉबरचा हात ओला करावा लागे.

व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात वेगळा विचार मांडला: कामगाराचं गावाशी असलेलं नातं तोडू नका, त्याला नियमित वळण लावा. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजेची तरतूद केली.

यातून आपण काय घ्यायचं? जो खाडा दरवर्षी ठरावीक वेळी पडतो, त्याला शिस्तीचा नाही, नियोजनाचा प्रश्न म्हणायचं. गणपतीच्या रजांचे अर्ज महिनाभर आधी घ्या, पाळ्या वाटून द्या.

बाकीच्या खाड्यांसाठी हजेरीपट नीट वाचा. एकाच खात्यात खाडे जास्त आहेत का? मग तिथली धूळ, उष्णता किंवा मुकादमाची वागणूक तपासा. रात्रपाळीनंतर वाढतात का? पाळ्यांची फिरती बघा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तोच माणूस वारंवार गायब असतो? दारू असेल, कर्जही असेल. त्याच्याशी एकट्याशी बोला. आजारी असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो. हे त्याला माहीत आहे का, ते विचारा.

हजेरी बोनस देतानाही जपून बरं का. एका खाड्याने सगळा बोनस बुडत असेल, तर माणूस तापातही मशीनवर उभा राहतो. हजेरी शंभर टक्के भरते, आणि अपघात होतो तो तिथे.

एवढं करूनही कोणी विनाकारण दांडी मारत असेल, तर लेखी ताकीद, चौकशी, त्याचं म्हणणं ऐकणं आणि मगच कारवाई, हा क्रम सोडू नये. कामावर परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न मात्र ‘का आला नाहीस?’ असा दरडावून नको. ‘काय झालं होतं?’ असा हवा. खरं कारण त्यालाच मिळतं.