घड्याळाच्या काचेवरील ओरखडे

मनगटी घड्याळाच्या काचेवर ओरखडे पडले की आपण ती बदलायला निघतो. पण पुष्कळदा ती काच नसतेच! ‘एचएमटी जनता’सारख्या चावीच्या घड्याळांवर असते ते अ‍ॅक्रिलिक हे पारदर्शक प्लॅस्टिक. ते मऊ म्हणून त्यावर ओरखडे चटकन पडतात, आणि मऊ म्हणूनच ते घरी घालवताही येतात.

ओरखडा म्हणजे सूक्ष्म खाच. तिच्या कडांवर प्रकाश विखुरतो व पांढरी रेघ दिसते. ही खाच बुजवता येत नाही. भोवतालचा पृष्ठभाग तिच्या तळापर्यंत झिजवावा लागतो. टूथपेस्टमधील बारीक पूड हेच काम करते.

प्रथम नखाने टिचकी मारून पाहावी. प्लॅस्टिकचा आवाज बद्द, काचेचा खणखणीत. मग धूळ पुसून, कडेच्या धातूवर चिकटपट्टी लावून, मऊ सुती फडक्यावर थोडी पांढरी पेस्ट घ्यावी व हलक्या हाताने गोल गोल घासावे. शेवटी ओलसर फडक्याने पुसावे. घड्याळ नळाखाली धरू नये. तडा गेला असेल तर मात्र हा उपाय नाही.

खऱ्या काचेवर ही मेहनत वाया जाते. मोह्सच्या श्रेणीत काचेचे काठिण्य सुमारे ५.५, तर महागड्या घड्याळांतील कृत्रिम नीलमाचे ९ आहे. धुळीतील वाळूचे ७. म्हणून वाळूने काच ओरखडते, नीलम नाही.

एचएमटीचा घड्याळ-कारखाना १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झाला. एचएमटी वॉचेस कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्यता दिली. घरातील जुन्या घड्याळाची मूळ काच फेकण्यापूर्वी एक टिचकी जरूर मारावी.