धुराड्याची ओढ

स्वयंपाकाला गॅस आला, पण आंघोळीचे पाणी अजून बंबातच तापते, अशी घरे महाराष्ट्रात कमी नाहीत. तुराट्या, पऱ्हाट्या, करवंट्या, गोवऱ्या, जे हाताला लागेल ते बंबाच्या नळीत जाते. भाकरीला आणि पाहुण्यांच्या मोठ्या भांड्यांना चूलही पेटते. वस्तू घेताना आपण बंबाचे तांबे जाड आहे का ते पाहतो, चूल किती सरपण वाचवते ते विचारतो. ती बसवायची कुठे, हा प्रश्न मात्र ‘त्या कोपऱ्यात’ एवढ्या उत्तरावर मिटतो. खरे तर चूल किंवा बंब घरात सुरक्षित राहील की नाही, याचा निकाल त्या कोपऱ्यातच लागतो. हवा कुठून येणार आणि धूर कुठून जाणार, हे ठरवल्याशिवाय उत्तमातली उत्तम निर्धूर चूलही घर धुराने भरून टाकते.

धुराड्यातून धूर वर का जातो? गरम वायू हलका असतो, म्हणून आतल्या हलक्या स्तंभाला बाहेरची जड हवा खालून वर ढकलते. ही ढकल किती नाजूक आहे, याचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. धुराडे तीन मीटर उंच, आतला धूर १५० अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा ३० अंश धरली, तर दाबातला फरक येतो सुमारे १० पास्कल. हवेचा नेहमीचा दाब एक लाख पास्कलच्या आसपास असतो, म्हणजे हा फरक त्याचा दहा हजारावा भाग झाला. एवढ्या बळावर पाणी फार तर एक मिलिमीटर वर चढेल. धूर निवून ८० अंशांवर आला की तेही बळ निम्मे होते. चुलीचा सगळा कारभार या एका मिलिमीटरवर चालतो, म्हणून बसवताना झालेली लहानशी चूकही तिला पेलत नाही. नळ्याला काटकोनात दोन वळणे दिली, नळा भिंतीबाहेर उघड्यावर काढून गार होऊ दिला, ओले सरपण घातले, की ओढ संपते आणि धूर चुलीच्या तोंडातून परत फिरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेरची हवाच तापलेली असते, त्यामुळे स्पितीच्या थंडीत जो नळा झकास ओढतो तोच विदर्भात मे महिन्यात कमी ओढणार. उंचीत काटकसर करण्याची चैन आपल्याला तर मुळीच परवडणारी नाही.

त्यातून वारा आहेच. छपरावर आपटलेला वारा आढ्याजवळ उसळतो, वळतो आणि आढ्यापेक्षा बुटक्या नळ्यात वरून खाली शिरतो. अमेरिकेतल्या नियमावलीत यासाठी एक सोपे माप आहे: नळा छपरातून जिथे बाहेर येतो तिथून किमान तीन फूट वर, आणि आडव्या दहा फुटांच्या टप्प्यात जे काही उंच असेल त्याच्याहून दोन फूट वर. कौलारू घरांत पुष्कळदा नळा पागोळीच्या जरा वर येऊन थांबलेला दिसतो, आणि मग दोष चुलीला लागतो. दुसरे माप आगीचे. त्याच नियमावलीप्रमाणे एकेरी पत्र्याच्या नळ्यापासून लाकूड १८ इंच दूर हवे. इतके अंतर अतिरेकी वाटते, पण लाकूड वर्षानुवर्षे मंद तापत राहिले की आतून कोळशासारखे होत जाते आणि पूर्वीपेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकते. वाशाला टेकलेला नळा दहा वर्षे काही झाले नाही म्हणून सुरक्षित ठरत नाही. उलट, दर वर्षी त्याचा धोका थोडा वाढलेला असतो.

बसवणे एकदाच होत नाही, ही गोष्ट आकडेवारीतून फार स्पष्ट दिसते. ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांत धुराड्याच्या मातीच्या चुली देऊन रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी काही वर्षे पाहणी केली. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासातला कार्बन मोनॉक्साइड घटला, पुढे ती घट नाहीशी झाली. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची निगाही राहिली नाही. याच्या उलट ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात कर्क स्मिथ यांच्या गटाने ५३४ घरांत केलेला प्रयोग. तिथे धुराड्याच्या चुलींवर सतत देखरेख होती, डागडुजी होत होती. लहान मुलांपर्यंत पोचणारा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला. न्यूमोनियाच्या एकूण निदानातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. दोन्हीकडे धुराडे होते, फरक होता तो झाडूचा. तीन इंची नळ्यात सभोवार एक सेंटीमीटर काजळी धरली की धुराची वाट जवळजवळ निम्मी होते. काजळीतला डांबरासारखा चिकट थर पेटला तर नळा भट्टी होतो, ते वेगळेच. आपल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. चूल बसली की ती मोजली जाते. नळा झाडला गेला की कोणीच काही मोजत नाही.

यावर एक जुना आक्षेप आहे, आणि तो निव्वळ अडाणीपणाचा नाही. धुरामुळे वाशांना कीड लागत नाही, कौलांच्या फटींतून तो जातोच, मग धुराडे कशाला? धुराने कीड दूर राहते यात तथ्य आहे, पण वाशांपर्यंत पोचण्याआधी तो धूर फुंकणी हातात घेऊन बसलेल्या बाईच्या छातीतून गेलेला असतो. लाकूड राखायला दुसरे उपाय आहेत. दुसरा आक्षेप उष्णतेचा: धुराड्यातून आच वाया जाते. हेही खरे. फार जोराने ओढणारा नळा भांड्याखालची आच पळवतो. म्हणून नळ्यात झडप घालतात किंवा जाणारी आच वैलावरच्या भांड्याखालून फिरवून नेतात. झडप पूर्ण बंद होणारी मात्र नसावी. त्याचे कारण धुरात नाही, निखाऱ्यात आहे.

लाकूड पेटलेले असताना धूर दिसतो, डोळे चुरचुरतात, माणूस दार उघडतो. ज्वाला विझून लालबुंद निखारे उरले की धूर थांबतो आणि सगळे निर्धास्त होतात. नेमक्या याच टप्प्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आता बंबाकडे पाहा. त्याची मधली नळी हे खरे तर छोटे धुराडेच, पण ते न्हाणीघरातच संपते. एक किलो कोरडे लाकूड नीट जळायला साधारण पाच घनमीटर हवा लागते. पाच बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात मावते जेमतेम सात. थंडीच्या दिवसांत दार-खिडकी लावून आंघोळ करणाऱ्याचा आणि बंबाचा वाटा एकाच हवेत असतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, त्यामागचे कारण हेच. धूर नाही म्हणून गीझर निर्धोक, हा समज म्हणूनच टिकत नाही. बंब अंगणात किंवा पडवीत, उघड्या बाजूला ठेवावा आणि तापलेले पाणी आत न्यावे. आतच ठेवणे भाग असेल, तर नळीवर बसणारा नळा छपराबाहेर काढावा आणि दाराखाली हवेची फट कायमची उघडी राखावी. नुसत्या खिडकीवर भिस्त ठेवू नये. थंडीत ती लावली जाणारच.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. धुराडे धूर नाहीसा करत नाही, तो आपल्या घरातून उचलून आळीत सोडते. दाटीच्या वस्तीत हा आक्षेप बिनतोड आहे, आणि शहरातल्या चाळीत किंवा फ्लॅटमध्ये लाकडाची चूल बसवू नये, असेच माझे मत आहे. मोकळ्या वस्तीत मात्र धूर मुळात कमी करणे आपल्या हातात असते. सरपणातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे पावसाळ्याआधी ते फोडून छपराखाली रचलेले हवे. जाड ओंडक्याऐवजी बारीक ढलप्या घालाव्यात, आणि राख साचून जाळीखालून येणारी हवा अडणार नाही हे पाहावे. नळा गार असताना आधी त्याच्या तळाशी कागदाचा बोळा पेटवून ओढ सुरू करावी, मग चूल. बसवणाऱ्या गवंड्याला पैसे देण्यापूर्वी, घरातली दारे नेहमीसारखी लावून, पेटत्या चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर वळला तर नळा पुन्हा उतरवायला सांगावे.