सातचा भोंगा

मराठी मालिकांची रांग संध्याकाळी सातच्या आगेमागे सुरू होते आणि रात्री दहापर्यंत हलत नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली नेमका याच वेळेला हात घातला. देवळावर एक भोंगा बसवला. सातला तो वाजला की घरोघरचे टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठला पुन्हा वाजला की ज्याला जे लावायचे ते त्याने लावावे. मधला दीड तास पोरांच्या अभ्यासाचा आणि घरातल्यांनी एकमेकांशी बोलण्याचा.

यंत्र म्हणाल तर त्यात नवल काही नाही. साखर कारखान्यात पाळी बदलताना वाजतो त्याच जातीचे ते. वीज लागते आणि बटण दाबायला एक माणूस लागतो. त्याला पासवर्ड नाही, अपडेट नाही, आणि कोणाला नको म्हणून त्याचा आवाज बंद करता येत नाही. त्याच वर्षी राज्यात मशिदींवरच्या भोंग्यांवरून केवढे राजकारण पेटले होते! वडगावात मात्र तो चढला पोरांच्या पाटी-पुस्तकासाठी.

गाव साधारण तीन हजार वस्तीचे. बहुतेक लोक शेतकरी, नाहीतर साखर कारखान्यातले कामगार. करोनात शाळा बंद झाल्या तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला मोबाइलवर येऊ लागली, आणि पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. ज्या दोन वस्तूंपासून पोरांना लांब ठेवायची सगळ्या घरांची धडपड असायची, त्याच दोन वस्तू एका रात्रीत मास्तर झाल्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांनी पदरमोड करून घेतला. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणात २०१८ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हा आकडा ६७.६ टक्क्यांवर गेला. मग शाळा उघडल्या. फोन देताना सरकार, शाळा, नातेवाईक सगळे हजर होते. परत घ्यायला कोणी आले नाही. ते काम आयांवर पडले.

सरपंच विजय मोहिते यांनी विषय पहिल्यांदा काढला तेव्हा पुरुषमंडळींनी तो हसण्यावारी नेला. म्हणून बायकांना एकत्र बोलावण्यात आले. या कहाणीतला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग हा. बायकांनी पोरांच्या तक्रारीपुरते बोलणे ठेवले नाही. आपण स्वतः मालिकांच्या नादी लागलो आहोत हे त्यांनी भर बैठकीत कबूल केले, आणि बंद करायचे तर सगळ्या गावाचे बंद करा, असे ठरले. पोराच्या हातून फोन काढून घ्यायचा आणि आपण 'आज काय झाले' म्हणून टीव्हीपुढे बसायचे, हा दुटप्पीपणा पोराला पहिलीतच कळतो. तो मिटल्याशिवाय भोंग्याला अर्थ नव्हता. १४ ऑगस्ट २०२२ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, ठराव झाला.

ठराव झाला म्हणून टीव्ही बंद झाले नाहीत. सुरुवातीला भोंगा वाजला की ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि गावकऱ्यांचे गट गल्लोगल्ली फिरून लोकांना बंद करा म्हणून सांगत. गावकीचा हा जोर या मुलखाला नवा नाही. १९४३नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच टापूत गावोगावी न्यायदान मंडळे चालवली होती. चार माणसांत ठरलेले पाळायचे, ही सवय इथे मुरलेली आहे. शहरातल्या सोसायटीत हा भोंगा पहिल्याच रविवारी कोर्टात गेला असता.

भोंग्याने केले काय? माझ्या मते त्याने घरातले भांडण घराबाहेर काढले. एरवी सातचा देखावा ठरलेला असतो. तव्यावर भाकरी, आई ओरडते, "अरे ठेव तो फोन." पोरगा मान वर न करता म्हणतो, "पप्पांच्या हातात पण आहे की!" पुढे रडारड, नाहीतर धपाटा. फोन बंद करायला लावणारी आई पोराच्या लेखी वैरीण ठरते. भोंगा वाजू लागला की ती जबाबदारी गावाकडे जाते. शेजारच्या बंड्याच्या घरीही बंद आहे म्हटल्यावर आपले काही बुडत नाही, हेही पोराला समजते. चौथीच्या आतल्या मुलाला तर एकट्याने अभ्यास जमतच नाही, शेजारी कोणीतरी मोठे माणूस बसावे लागते. त्या माणसाला भोंगा रिकामे करतो. गावातल्या एका आईने पत्रकारांना सांगितले होते की आता कामावरून आलेला नवरा मुलांचा अभ्यास घेतो आणि तिला स्वयंपाक शांतपणे करता येतो. बाप अभ्यासाला बसला हे चांगलेच झाले. तिचा दीड तास चुलीपाशीच राहिला, याचीही नोंद करून ठेवावी.

ही कल्पना पुढे इतर गावांनीही उचलली. बेळगाव जिल्ह्यातल्या हलगा गावाने सात ते नऊ असे दोन तास ठरवले. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने तर २०२२च्या नोव्हेंबरात अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीच केली. मला बान्सीपेक्षा वडगाव शहाणे वाटते. बंदी फक्त पोरांवर येते आणि थोरले मोकळे राहतात. शिवाय गावाकडे फोन एकट्या पोराचा कधीच नसतो. बापाच्या त्याच फोनवर दुधाचे पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो, त्यावरूनच दुकानदाराला पैसे जातात, आणि त्याच्याच कुलपाचा पॅटर्न दुसरीतल्या पोरीला बापापेक्षा लवकर काढता येतो.

खरी अडचण इथे सुरू होते. भोंगा दीड तास सांभाळतो, उरलेले साडेबावीस तास नाही. गेम खेळता खेळता पोराने नको तिथे बोट लावले आणि खात्यातून पैसे गेले, अनोळखी माणसाने 'फोटो पाठव' म्हटले, वर्गातल्या मुलीची चित्रफीत गटात फिरली, या गोष्टी वेळ बघून होत नाहीत. 'असर'ने २०२४ साली १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांना विचारले, तेव्हा समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना एखाद्याला ब्लॉक करणे किंवा त्याची तक्रार करणे माहीत होते, आणि ५५.२ टक्क्यांना आपले खाते खासगी कसे करायचे ते. ही झाली थोरली मुले. तिसरी-चौथीच्या पोराला हे कोणी शिकवलेलेच नसते, कारण तो फोन 'वापरत नाही' असे सगळे धरून चालतात. २०२३चा विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी पालकाची संमती मागतो. पण बापाच्याच फोनवरून बापाचीच संमती पोरगा देऊन मोकळा होतो.

हे शिकवण्याचे आणि पोरांना जपण्याचे काम शाळेचे, आणि त्यासाठी शाळेकडे माणसे आहेत. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बसवली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. १० मार्च २०२२च्या शासन निर्णयाने मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती आणली. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर २०२४च्या ऑगस्टमध्ये तक्रार पेटी, सीसीटीव्ही आणि अनुचित प्रकार २४ तासांच्या आत कळवणे यांवर पुन्हा बोट ठेवले गेले. कागदावर काही कमी नाही. पण बऱ्याच ठिकाणी समिती म्हणजे मुख्याध्यापकांनी घरी पाठवलेल्या वहीवर केलेली सही. भोंगा चालला तो बायकांनी स्वतः बसून ठरवला म्हणून. समितीचा आदेश मात्र वरून आलेला असतो.

तुमच्या गावात भोंगा बसेल, न बसेल. पण शाळेच्या समितीची पुढची बैठक चुकवू नका. तक्रार पेटी कोण आणि कधी उघडते ते विचारा. मुलांसाठीचा १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हे दोन्ही क्रमांक पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीवर ठळक रंगवून घ्या. आणि फोनवर काही वावगे घडले तर घरी सांगितल्यावर मार बसणार नाही, एवढा शब्द आजच पोराला द्या.