ओळखींचा हिशेब

चौविहाराची वेळ साधून घरची मंडळी एकत्र जेवायला बसावीत आणि थोरल्या मुलाचा डावा हात मात्र मांडीवरच्या मोबाइलवर असावा, हे दृश्य व्यापारी कुटुंबांत आता नवे राहिलेले नाही. त्याला हटकले तर उत्तर तयार असते : ‘खेळत नाही, कामाचेच पाहतो आहे.’ करमणुकीची चित्रे पाहणाऱ्याला निदान आपण वेळ दवडतो आहोत हे ठाऊक असते. लिंक्डइन पाहणाऱ्याला तेही जाणवत नाही, कारण तेथील सारे बोलणे धंद्याचे आणि प्रगतीचे. ही सवय उशिरा ओळखू येते ती यामुळेच.

लिंक्डइन २००३ साली सुरू झाले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते सुमारे २६ अब्ज डॉलरना विकत घेतले. नोकरी शोधणाऱ्याला, परदेशी खरेदीदाराची वाट पाहणाऱ्या निर्यातदाराला किंवा चांगला हिशेबनीस हवा असलेल्या मालकाला त्याचा खरोखर उपयोग होतो, आणि तो नाकारण्यात काही शहाणपण नाही. गुंता आहे तो त्याच्या रचनेत. ‘तुमचे प्रोफाइल कोणी पाहिले’ हे ते कळवते, पण मोफत खात्यावर पुरते सांगत नाही. ओळखींचा आकडा पाचशेपर्यंत उघड दाखवते, म्हणून तिथवर पोहोचेपर्यंत माणसाला चैन पडत नाही. कधी एखाद्या मजकुराला शंभर जणांची दाद मिळते, कधी तिघांची. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसले होते, की दाणा नेमका कितव्या टोचीला मिळेल याचा भरवसा नसला म्हणजे पक्षी थांबत नाही, टोचतच राहतो.

सर्वांत खोल घाव बसतो तो शिक्षण संपवून पेढीवर परतलेल्या तरुणाला. पेढीवर पद नसते. धान्याच्या आडतीत, कापडाच्या घाऊक दुकानात किंवा सराफकट्ट्यावर कोणी ‘उपाध्यक्ष’ होत नाही. वीस वर्षे झाली तरी तो अमक्यांचा मुलगाच असतो. पडद्यावर मात्र दर आठवड्याला एखाद्या वर्गमित्राची बढती झळकते. अभिनंदनाचे दोन शब्द लिहून तो मोबाइल खाली ठेवतो आणि समोरच्या गोण्यांकडे, वडिलांच्या लाल वहीकडे परक्या नजरेने पाहू लागतो. वडिलांना वाटते, पोराचे धंद्यात मन नाही. त्याच्या मनात काय चालले आहे ते तो बोलून दाखवत नाही. पुष्कळ घरांत पेढी पुढे चालणार की बंद होणार, याचा निकाल या अबोल्यातच लागतो.

श्रावकाचारात ‘अनर्थदंड’ म्हणून जे वर्ज्य सांगितले आहे, त्यात ‘अपध्यान’ येते. प्रयोजन नसताना दुसऱ्याच्या उत्कर्ष-अपकर्षाचे चिंतन करीत स्वतःला जाळत बसणे, याला याहून नेमका शब्द सापडणे कठीण. व्रताची कसोटीही व्यापाऱ्याला समजेल अशीच आहे : प्रयोजन आहे की नाही? खरेदीदाराच्या निरोपाला उत्तर देणे हे प्रयोजन झाले. रात्री साडेअकराला आपले प्रोफाइल कोणी पाहिले हे तपासणे, हे कोणत्या खात्यावर नावे टाकायचे?

काही घरांत आजही सकाळी चौदा नियम धारण केले जातात. आज किती द्रव्ये खायची, कोणते वाहन वापरायचे, कोणत्या दिशेला किती लांब जायचे, याची मर्यादा त्या दिवसापुरती घातली जाते. देशावकाशिक व्रताचाही हाच मार्ग. आजन्म त्यागाची प्रतिज्ञा न झेपणाऱ्यालाही दिवसाची मर्यादा झेपते. मोबाइलवरचे ॲप काढून टाकावे, लिंक्डइन केवळ पेढीवरच्या संगणकावर आणि ठरल्या वेळीच उघडावे. सूचना आणि ईमेल सेटिंगमध्ये जाऊन बंद कराव्यात. इतरांचे प्रोफाइल गुप्तपणे पाहण्याचा पर्याय निवडला, तर मोफत खात्यावर आपल्याला कोणी पाहिले ही यादीही दिसेनाशी होते. एरवी ही गैरसोय वाटली असती, येथे ती औषधासारखी उपयोगी पडते. खाते कायमचे न मिटवता काही काळ निद्रिस्त ठेवण्याची सोयही आहे. चातुर्मासात ती वापरून पाहायला हरकत नाही. आरंभीचे काही दिवस हात उगाच खिशाकडे जाईल. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे नव्याने बसणाऱ्यालाही लांबच वाटतात.

आपल्या ओळखींची सगळी यादी लिंक्डइनवरून उतरवून घेता येते. खाते निद्रिस्त करण्यापूर्वी ती जरूर घ्यावी. मग पेन हातात धरून, संवत्सरीला किंवा क्षमावणीला ज्यांना आपण होऊन फोन करावासा वाटेल, तेवढीच नावे त्यातून निवडून वहीत उतरवावीत. हजाराची यादी असली तरी ती बहुधा एका पानात मावतात.